सेमेरूच्या पायथ्याशी अडलेला ग्रुप: गोव्याच्या सहा जणांच्या ज्वालामुखी ट्रेकचं प्रकरण

ज्वालामुखी चढायच्या गाईडेड एक्स्पिडिशनला जायचं म्हटलं की लोक विचारतात फिटनेस किती लागतो, बूट कुठले घेऊ, थंडी किती असते. प्रश्न बरोबरच आहेत, पण आमच्या ग्रुपचं अडलं ते यातल्या कशावरही नाही, अडलं ते इंडोनेशियातल्या सेमेरू ज्वालामुखीच्या ज्या शिखराचे पैसे भरले होते त्या शिखरावर जायलाच बंदी होती त्यावरून, आणि त्या रात्री सहा जणांचे तीन गट झाले. कोणी कोणाला काय म्हटलं आणि शेवटी गाठ कशी सुटली ते पूर्ण लिहिते. माणसांची आणि कंपनीची नावं मुद्दाम देत नाही.

आम्ही सहा जण म्हणजे मांद्र्याचा एक शॅकवाला, वयाने पंचेचाळीसच्या आसपास, सगळे त्याला दादाच म्हणतो. फोंड्याच्या हायस्कूलमधल्या बाई, त्यांना दमा आहे, औषधावर व्यवस्थित आहेत. डिचोलीचे एक काका, बँकेतून रिटायर. पर्वरीची दोन आयटीवाली मुलं. आणि मी, म्हापशाला विम्याच्या कामात आहे. दादामुळे तारीख ठरली, कारण शॅक मेच्या शेवटी उतरवायचे आणि ऑक्टोबरला परत उभारायची धावपळ, मधले चार महिने तो मोकळा, आणि बरोबर तेव्हाच इंडोनेशियात कोरडा सीझन असतो, साधारण मे ते ऑक्टोबर. आपल्याकडे धो धो पाऊस आणि तिकडे ट्रेकिंगचे दिवस, टुरिझमवर जगणाऱ्या गोंयकारासाठी याहून सोयीचं काही नाही. फक्त चवथ मध्ये येते. चवथीला घर सोडून कोणी जाणार नव्हतं, त्यामुळे गणपती पोचवून झाल्यावर, 2025 च्या सप्टेंबरात, निघालो.

पॅकेज बेंगळुरूच्या एका कंपनीचं, माणशी दीड लाखाच्या वर, विमान वेगळं, व्हिसा तिकडे उतरल्यावर पाच लाख रुपिया (तिथलं चलन) भरून. ब्रोशरमध्ये चार नावं होती, जावा बेटावर ब्रोमो 2329 मीटर, सेमेरूचं शिखर 3676 मीटर, इजेनचा क्रेटर, आणि शेवटी लोंबोक बेटावरचा रिंजानी 3726 मीटर. सेमेरू हा जावाचा सगळ्यात उंच डोंगर, शिखराला तिथले लोक महामेरू म्हणतात, आणि जुन्या जावानीज कथेत जावा बेट हलत होतं म्हणून देवांनी भारतातून मेरू पर्वत उचलून आणून तिथे ठेवला असं आहे. बाईंनी ही कथा वाचली होती आणि त्या खरं तर फक्त त्या डोंगरासाठी आल्या होत्या, हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांनीच सगळ्यात आधी नको म्हटलं.

तयारी चांगली झाली होती. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर पाठीवर वजन घेऊन रविवारी चढायचो. गोव्यात उंचीचा सराव होतच नाही, आपला सगळ्यात उंच सोनसोगड सत्तरीत, तो 1167 मीटर. ज्वालामुखीच्या वरच्या टप्प्यातली सुटी राख आणि खडी, तिचा सरावही इथे नाही. पर्वरीच्या मुलांनी खाणीच्या डंपावर चढून बघू असं सुचवलं होतं, माती तशीच सुटी असते हे खरं, पण पावसात ते डंप ढासळतात आणि खाली गाडला गेलात तर कोणाला पत्ताही लागणार नाही, तेव्हा ते मी तिथेच बंद केलं.

सेमेरूबद्दल मला निघायच्या आधीच शंका होती. 4 डिसेंबर 2021 ला तो मोठा फुटला, गरम राखेचे लोट दरीतून खाली गावांवर आले, 50 हून जास्त माणसं गेली. त्यानंतर ट्रेक बंदच होता, 2024 च्या डिसेंबर अखेरीस उघडला, पण फक्त रानू कुंबोलो नावाच्या तळ्यापर्यंत, तो साधारण 2400 मीटरवर आहे. त्याच्या पुढे कालीमाती नावाचा कॅम्प आणि मग शिखर, ते बंद. मी कंपनीला व्हॉट्सॲपवर सरळ विचारलं की तुमच्या ब्रोशरमध्ये शिखर कसं काय आहे. उत्तर आलं, "परिस्थितीनुसार उघडतं मॅडम, आमची लोकल टीम मॅनेज करते." मी तो मेसेज ग्रुपवर टाकला. काकांनी विचारलं मॅनेज म्हणजे काय, त्याला उत्तर आलं नाही, आणि बाकीच्यांनी कंपनीवर विश्वास ठेवला, जे स्वाभाविक आहे, एवढे पैसे घेणारा माणूस बंद डोंगर विकेल असं कोणाला वाटणार.

इथे ज्वालामुखीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. सह्याद्रीत किंवा हिमालयात आपण डोंगर उंचीवरून, चढावरून, हवामानावरून जोखतो. जिवंत ज्वालामुखीला आणखी एक माप लागतं. इंडोनेशियात पीव्हीएमबीजी नावाची सरकारी संस्था प्रत्येक ज्वालामुखीला चारपैकी एक लेव्हल देते, एक नॉर्मल, दोन वास्पादा, तीन सियागा, चार आवास, आणि त्याबरोबर तोंडापासून किती किलोमीटरच्या आत जायचं नाही ते सांगते. मॅग्मा इंडोनेशिया नावाच्या ॲपवर हे कोणालाही दिसतं, फुकट. सेमेरू तेव्हा लेव्हल दोनवर होता, तोंडापासून 3 किलोमीटरच्या आत मनाई, आणि आग्नेयेच्या बेसुक कोबोकान दरीच्या बाजूला त्याहून बरंच लांबपर्यंत.

परमिट मिळालं म्हणजे झालं असं मात्र समजू नका. सुमात्राच्या मारापीवर, हा जावाच्या मेरापीहून वेगळा, 3 डिसेंबर 2023 ला स्फोट झाला तेव्हा वर पंचाहत्तर लोक होते आणि 24 गेले. तोही लेव्हल दोनवर होता, 3 किलोमीटरची सूचना कित्येक वर्षं कागदावर होती, तरी ट्रेकची बुकिंग अधिकृतपणे ऑनलाइन चालू होती. म्हणजे एक खातं सांगतंय जाऊ नका आणि दुसरं तिकीट फाडतंय. जपानच्या ओंताकेवर 27 सप्टेंबर 2014 ला तर लेव्हल एकच होती, शनिवारची दुपार, शिखरावर गर्दी, 63 माणसं गेली किंवा सापडलीच नाहीत. तेव्हा लेव्हल खाली आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, पण लेव्हल वर असताना किंवा वाट बंद असताना जायचं, याला तर कसलाच आधार नाही.

आता मूळ प्रसंग. ब्रोमो बघून आम्ही रानू पानी गावात पोचलो, 2100 मीटरवरचं गाव, कोबी-बटाट्याची शेती, संध्याकाळी दात वाजतील अशी थंडी. होमस्टेमध्ये आमचा स्थानिक गाईड, तेंगर लोकांपैकी, पन्नाशीचा, आम्ही सगळे त्याला तिथल्या पद्धतीने पाक म्हणायचो. त्याने चहा देता देता साधेपणाने सांगितलं की उद्या तळ्यापर्यंत, तिथे मुक्काम, परवा परत. कोणाला काही कळेना. कंपनीचा लीडर, आमच्याबरोबर आलेला तिशीचा मुलगा, खाली बघत बसला. पाकला शिखर असल्याचं कंपनीने कधी सांगितलंच नव्हतं!

दादा तापला तो कोंकणीतच तापला, "पैशे फारीक केल्यात आमी", म्हणजे पैसे भरलेत आम्ही, आणि ते खरंच होतं. तेवढ्यात होमस्टेच्या बाहेर मोटारसायकलवाला एक माणूस होता तो आत आला आणि म्हणाला, तळ्यावरून रात्री अकराला निघू, रेंजर झोपलेले असतात, पहाटे वर, माणशी अमुक रुपिया. दादा तयार, पर्वरीची दोन्ही मुलं तयार. बाई आणि मी नाही म्हटलं. काका गप्प. आणि लीडरने जे केलं त्याचा मला अजून राग आहे, त्याने बॅगेतून एक कागद काढला, ज्यांना जायचं त्यांनी आपापल्या जबाबदारीवर जातो अशी सही करा म्हणाला. म्हणजे बंद शिखर विकलं कंपनीने, आणि जोखीम सहीसकट आमच्या डोक्यावर.

पाक म्हणाला तो त्या वाटेने येणार नाही. त्याचं लायसन्स जाईल, पकडले गेलो तर आम्हाला ब्लॅकलिस्ट करतील, हे सगळं त्याने सांगितलं, पण ज्या गोष्टीने पर्वरीच्या धाकट्या मुलाचा चेहरा उतरला ती वेगळी होती. तो म्हणाला, कालीमातीच्या वर चढ सुरू झाला की वरून दगड सुटून येतात, दिवसा दिसतात म्हणून बाजूला होता येतं, रात्री फक्त आवाज येतो. आणि तोंडाजवळ वायू साचतो तो वाऱ्याबरोबर बाजू बदलतो. इंडोनेशियातला सू होक गी नावाचा तरुण लेखक-कार्यकर्ता 1969 च्या डिसेंबरात याच शिखरावर विषारी वायूने गेला, त्याचं नाव तिथे सगळ्यांना माहीत आहे, पाकने तेही सांगितलं.

मी माझ्या कामाचं बोलले. सगळ्यांच्या पॉलिसी मीच काढून दिल्या होत्या, ट्रेकिंगचा ॲड-ऑन घेऊन, कारण साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा उंचीची मर्यादा असते. फोनवर पीडीएफ उघडून कलम वाचून दाखवलं, प्रशासनाने बंद केलेल्या भागात गेलात तर क्लेम नाही, ना हॉस्पिटलचा, ना खाली आणायच्या खर्चाचा, ना दुर्दैवाने बॉडी घरी आणायचा. मुलं गप्प झाली. दादावर काहीही परिणाम नाही. म्हणाला, विमा गेला खड्ड्यात, मी शॅक चालवतो, समुद्रात रोज रिस्क घेतो.

मग बाईंनी जे केलं त्याने गाठ सुटली, आणि माझ्या मते या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. त्यांनी दादाला डोंगराबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, "दादा, हे शिखर ब्रोशरमध्ये नसतं आणि पैसे त्या हिशोबानेच घेतले असते, तर तुम्ही आज रात्री चोरून गेला असता?" दादा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "नसतो गेलो, पण मला ह्या माणसांनी फसवलं ते मी सोडणार नाही." म्हणजे त्याला शिखराची ओढ एवढी नव्हतीच. रोज गिऱ्हाइकाला जे सांगितलं ते ताटात द्यायचं या शिस्तीत वीस वर्षं धंदा केलेला माणूस तो, त्याला फसवणूक सहन होत नव्हती, आणि आता डोंगर चढून गेलो नाही तर आपला हक्क सोडून दिल्यासारखं होईल असं त्याला वाटत होतं.

पैशाचं भांडण आणि डोंगराचा निर्णय या दोन गोष्टी एकाच खोलीत एकाच वेळी मांडल्या गेल्या होत्या. मग काकांनी बँकेतल्या सवयीने कागद घेतला. लीडरचा जबाबदारीचा फॉर्म बाजूला ठेवायला लावला आणि दुसरा मजकूर लिहिला, की ब्रोशरमध्ये सेमेरू शिखर होतं, ते आमच्या बुकिंगच्या आधीपासून बंद होतं, स्थानिक गाईडने नियमाप्रमाणे नकार दिला, सहाही जण तो नकार मान्य करतात, आणि या भागाचे पैसे परत मागायचा हक्क राखून ठेवतात. तारीख, वेळ, सहा जणांच्या सह्या, लीडरची सही. लीडर आधी का कू करत होता, मग केली, माझ्या मते त्यालाही सुटल्यासारखं झालं. फोटो काढून तिथूनच कंपनीला मेल. हे झाल्यावर दादा जेवायला बसला. मोटारसायकलवाला कधी निघून गेला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो, दहा किलोमीटरच्या आसपासची वाट, सुंदर आहे, सकाळी तळ्यावर धुकं. पाकने मग कंपनीच्या खर्चाने उरलेल्या वेळेत वेलिरांग बसवला, 3156 मीटर, तो उघडा होता, वर गंधकाच्या वाफा निघतात आणि कामगार गंधक काढतात. तो कंपनीकडून कबूल करून घेणं सोपं गेलं कारण लिखित कागद आधीच गेला होता.

इजेनला बाईंचा प्रश्न होता. तिथे क्रेटरमध्ये आम्लाचं तळं आहे, जगातलं अशा प्रकारचं सगळ्यात मोठं म्हणतात, आणि रात्री जळत्या गंधकवायूची निळी ज्योत दिसते म्हणून सगळे अंधारात आत उतरतात. दम्याच्या माणसाला सल्फर डायऑक्साइड म्हणजे सरळ अटॅकला आमंत्रण. कापडी रुमाल किंवा साधा मास्क वायू अडवत नाही, ॲसिड गॅससाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. तिथे मेडिकल सर्टिफिकेट मागतात, ते पायथ्याशी पटकन मिळतंही, पण बाईंनी फोंड्याच्या आपल्या डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारलं होतं आणि त्या कडेवरच थांबल्या, आत उतरल्या नाहीत. कोणी आग्रह केला नाही. रानू पानीच्या रात्रीनंतर ग्रुपमध्ये नकाराला किंमत आली होती.

रिंजानीवर मी एकच गोष्ट अडवून धरली, शिखराच्या रात्री दोन गाईड. 2025 च्या जूनमध्ये तिथे ब्राझीलची एक तरुणी ग्रुपच्या मागे राहिली असताना शिखराच्या वाटेवरून घसरली आणि चार दिवसांनी मृतदेह वर काढता आला. सहा जणांमागे एक गाईड असला की जो दमतो तो एकटा पडतो, हे गणित आहे, यात कोणाच्या हिमतीचा प्रश्न नाही. सेंबालुनच्या बाजूच्या कडेवरचा कॅम्प 2639 मीटरवर, तिथून रात्री दोनला निघायचं, म्हणजे हजार मीटरहून जास्त चढ, आणि शेवटचा भाग सुट्या खडीचा, दोन पावलं वर, एक खाली. दादा आणि थोरला मुलगा वर गेले. काका गुडघ्यामुळे कॅम्पवर थांबले. आम्ही बाकीचे वाऱ्यामुळे वाटेतून दुसऱ्या गाईडबरोबर परतलो, उजाडल्यावर खाली सेगारा आनाक तळं आणि त्यातला छोटा बारुजारी शंकू दिसत होता. ते अख्खं भगदाड 1257 सालच्या स्फोटातलं आहे, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात त्याचं गंधक सापडतं. काका दिवसभर त्याच्याकडे बघत बसले होते आणि मला वाटतं ट्रिपचा सगळ्यात जास्त आनंद त्यांनीच घेतला.

परत आल्यावर पैशाचं. कंपनीचं पहिलं उत्तर, ज्वालामुखीची हालचाल आमच्या हातात नाही, त्यामुळे रिफंड बसत नाही. बुकिंगनंतर काही फुटलं असतं तर हे मी मान्य केलं असतं, निसर्गाचं कोणी देणं लागत नाही. पण इथे शिखर आमच्या बुकिंगच्या कितीतरी आधीपासून बंद होतं, मी लेखी विचारलं होतं, त्यांनी मॅनेज करतो म्हटलं होतं. ही सरळ चुकीची माहिती देऊन केलेली विक्री आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, बेंगळुरूला खेपा घालायची गरज नाही, हे त्यांना मेलमध्ये लिहिलं आणि रानू पानीचा कागद, व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट, ब्रोशर जोडलं. त्यांनी पुढच्या ट्रिपचं व्हाउचर देऊ केलं, दादाने नाकारलं. शेवटी माणशी अठरा हजार बँकेत आले. दादाच्या मते कमी आहेत, माझ्या मते वेलिरांग धरून ठीक आहेत, यावर आमचं अजून एकमत नाही.

19 नोव्हेंबर 2025 ला सेमेरू परत मोठा फुटला, लेव्हल त्याच दिवशी चारवर नेली. त्या दिवशी रानू कुंबोलोला शंभराहून जास्त ट्रेकर होते आणि ते सगळे सुखरूप खाली आले, कारण राखेचे लोट नेहमीप्रमाणे दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे गेले आणि तळं दुसऱ्या बाजूला आहे. बातमी ग्रुपवर आली तेव्हा बरेच जण म्हणाले बघा आपण वाचलो. मी त्यातून वेगळं वाचते. आम्ही गेलो तेव्हा काही झालं नाही आणि कदाचित ते तिघे रात्री वर जाऊन सुखरूप परतलेही असते. पण बंदीची रेघ तळ्याशी मारली होती ती योग्य जागी मारली होती, हे नोव्हेंबरात दिसलं, आणि ती रेघ पाळणारा गाईड आमच्याबरोबर होता. गाईडेड एक्स्पिडिशनला आपण एवढे पैसे देतो ते मुख्यतः अशा माणसासाठी, असं माझं ठाम मत आहे. "समिट गॅरंटी" लिहिणारी कंपनी दिसली की मी पुढचं पान उघडत नाही.

आता दादाला पुढच्या पावसाळ्यात किलिमांजारो करायचा आहे, तोही ज्वालामुखीच, पण तिथे काळजी वेगळी, 5895 मीटर उंची. त्याने पाच दिवसांचा मारांगू रूटचा स्वस्त प्लॅन पाठवला होता, समुद्राच्या काठावर राहणाऱ्या माणसाला एवढ्या कमी दिवसांत शरीराला सवय होत नाही, तो मी परत पाठवला आणि लेमोशो नावाच्या दुसऱ्या वाटेचा आठ दिवसांचा मागवला. कंपनीला चार प्रश्न लिहून दिलेत: परत फिरायचं कोण ठरवणार आणि तो निर्णय लीडर बदलू शकतो का, किती जणांमागे किती गाईड, ऑक्सिजन आणि खाली न्यायची सोय काय, आणि एखादा टप्पा आधीपासून बंद असेल तर किती पैसे परत. उत्तरं मेलवर मागितली आहेत, फोनवर नको म्हणून सांगितलंय. दोन प्रश्नांची आली, दोन यायची आहेत, तोपर्यंत दादाने ॲडव्हान्स भरलेला नाही.